शनिवारचा चिखल

जून उजाडला की ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमधल्या मराठी माणसांचे दोन गट पडतात. इंडियाला निघालेली आणि इथेच राहिलेली. निघालेल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर बॅगांची वजनं आणि कढीपत्त्याच्या कुंडीला पाणी कोण घालणार याची चर्चा. राहिलेल्यांच्या जुडग्यात दुसऱ्यांच्या घरांच्या किल्ल्या. बाहेर ऊन असं की स्टिअरिंगला हात लावायची सोय नाही, आणि हवा इतकी दमट की एसीतून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते. मी राहिलेल्यांतली. 'यंदाही नाही का जात?' असं कोणी विचारलं की मी म्हणते, 'सीझन आहे ना माझा.' विचारणाऱ्याला वाटतं, काहीतरी भारी असणार. माझा सीझन चिखलाचा असतो.

यंदा जून लागला आणि शरदकाकांचा मेसेज आला. 'बोट धुऊन ठेवली आहे. शनिवारी येतेस ना?' मी तो वाचला आणि फोन पालथा घातला. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचला, पुन्हा पालथा घातला. नितीन, माझा नवरा, म्हणाला, 'अगं, हो-नाही काहीतरी कळव. म्हातारा माणूस आहे.' 'कळवते' म्हटलं आणि भांडी घासायला घेतली. डिशवॉशर रिकामा असताना.

शरदकाकांना तोंड दाखवायची मला लाज वाटत होती. अजून वाटते. मागच्या उन्हाळ्यापासून वाटते आहे, आणि तिचं करायचं काय हे काही केल्या कळत नाही.

आधी चिखलाचं सांगते. समुद्राच्या तळाच्या गाळात बॅक्टेरिया राहतात. तिथे गर्दी फार आणि खायला कमी, त्यामुळे ते एकमेकांना हुसकून लावायला तऱ्हेतऱ्हेची रसायनं तयार करतात. त्यातलं एखादं रसायन माणसाच्या कामाला येईल का, त्याचं कधी औषध होईल का, हे बघणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. सांगायला छान वाटतो. करायला घाण असतो. चिखल आणायचा, वाळवायचा, समुद्राच्या खाऱ्या पाण्यात शिजवलेल्या जेलीवर त्याची चिमूट पसरायची आणि मग नुसती वाट बघायची. आपल्याला हवे ते बॅक्टेरिया महा आळशी. आठवडेच्या आठवडे काही नाही, आणि मग एक दिवस बशीत केशरी ठिपके. मग ते वाढवायचे, त्यांचा रस काढायचा, तो कॅन्सरच्या पेशींवर टाकायचा आणि बघायचं. बहुतेक वेळा पेशी ढिम्म हलत नाहीत.

मी अकोल्याची. आमच्याकडे पाणी म्हणजे नळाला येईल तेव्हा भरून ठेवायची वस्तू. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजच्या ट्रिपमध्ये, आणि घाबरून पायरीवरच बसून राहिले. त्या मुलीने पुढे गॅल्व्हेस्टनच्या खाडीत वाकून बादलीभर काळा गाळ हुंगावा, आणि 'वा, काय मस्त कुजका वास आहे' म्हणून खूश व्हावं, याला काय म्हणायचं! वास खरंच भयंकर असतो. सडक्या अंड्यांचा. तो केसांत बसतो, गाडीच्या सीटमध्ये बसतो. माझी मुलगी रिया गाडीत बसायच्या आधी दार उघडून उभी राहते आणि म्हणते, 'मॉम, यू स्मेल लाइक अ डेड क्रॅब.' मी मराठीत ओरडते, ती इंग्लिशमध्ये नाक दाबते.

ही बोट शरदकाकांची. काका पेट्रोलियम इंजिनीअर, आता रिटायर्ड. आमच्या गावात आधी आलेल्या पिढीतले. तेव्हा इथे धड तूरडाळ मिळत नव्हती, हे ते दर पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, सांगतात, आणि आम्ही दर वेळी 'हो का?' म्हणतो. ऑफिसातल्या अमेरिकन मित्रांचं बघून त्यांनी बोट घेतली. मासे पकडायला. मासा त्यांनी जन्मात पकडला नाही, खाल्ला तर त्याहून नाही. बोट आपली मरीनात, बोटींच्या धक्क्यावर, झाकून उभी. एका पॉटलकला मी कुरकुरत होते, युनिव्हर्सिटीची बोट मिळायची तर किती आधीपासून हात जोडावे लागतात म्हणून. काकांनी हातातली प्लेट खाली ठेवली.

'अगं, मग माझी घे की. आयुष्यभर तेलासाठी याच मेक्सिकोच्या आखाताला भोकं पाडली मी. आता तुला थोडा चिखल काढून देतो.'

आणि खरोखर दिला. गाळ उचलायचा लोखंडी जबडा दोरीवरून खाली सोडायला त्यांनी एक कप्पी बसवली, मोटर बसवली, वर त्या मोटरला ऊन लागू नये म्हणून शैलाकाकूंच्या जुन्या शॉवर कर्टनचं टोपडं केलं. दर शनिवारी सकाळी आम्ही निघायचो. आखात सकाळचं शहाण्यासारखं वागतं. काका सुकाणूवर, डोक्यावर हॅट, नाकावर पांढरं सनस्क्रीन, आणि तोंडाने अखंड बडबड. जबडा वर आला की ते विचारायचे, 'काय, कसा आहे आजचा माल?' भाजीवाल्याच्या थाटात. मी म्हणायचे, 'ताजा आहे काका.'

शैलाकाकू बोटीवर येत नसत. त्यांना बोट लागायची. पण डबा त्यांचाच असायचा, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि मोरांबा. माझे हात चिखलाचे म्हणून काका मला पुरीचा तुकडा करून भरवायचे, आणि त्यांना ते विशेष वाटायचं नाही. परत आलो की काकू गराजच्या दारात उभ्या. 'आली गं बाई चिखलवाली! आधी पाय धू. आत येशील तर खबरदार.' मग पाय धुतले की त्याच दटावणीच्या आवाजात, 'जेवल्याशिवाय जाशील तर बघ.' मला सासू नाही, आई अकोल्याला. शनिवारी दुपारी त्या घरात बसून मी आमटी ओरपायचे आणि मला आपण कोणाचंतरी लहान आहोत असं वाटायचं.

मागच्या वर्षी वसंतात काकूंना कॅन्सर निघाला. पोटातला, पसरलेला. ह्यूस्टनला दवाखान्यांची काय वाण? मोठ्यातले मोठे डॉक्टर, केमो लगेच सुरू झाली. मला वाटलं, यंदा बोट राहू दे. काका म्हणाले, 'वेडी आहेस का? यंदाच तर जायचं.' ते असं म्हणाले तेव्हाच मी काहीतरी बोलायला हवं होतं असं आता वाटतं, पण काय बोलणार? चिखलापासून औषधापर्यंत माणसाचं एक आयुष्य सहज जातं, आणि तरी बहुधा औषध होत नाही, हे मी त्यांना आधी हजारदा सांगितलं होतं. ते मान डोलवायचे आणि सुकाणू धरायचे.

त्याच जूनमध्ये एक ठिपका पावला. आदल्या वर्षी काकांच्या बोटीतून आणलेल्या चिखलातला, हिवाळाभर बशीत वाढलेला, गडद केशरी. त्याचा रस टाकला तर कॅन्सरच्या पेशी पटापट मेल्या. पुन्हा केलं, पुन्हा मेल्या. लॅबमध्ये अशा वेळी कोणी नाचत नाही. पण मनातल्या मनात नाचतंच. शनिवारी काकांनी विचारलं, 'काय गं, आज खुशीत?' तेव्हा जे होतं ते सांगितलं. पुढे काय काय व्हायला लागतं तेही सांगितलं. काकांनी बोटीचं इंजिन बंद केलं. मग ते म्हणाले, 'माझ्या बोटीतला?' आणि तोंड फिरवलं.

काकूंना फोटो बघायचे होते. मी फोनवर दाखवले. केमोनंतर त्यांच्या तोंडाची चव गेली होती, हातापायांना मुंग्या यायच्या, पण नजर होती तशी चौकस. 'अय्या, हे तर बुंदी पाडल्यासारखं दिसतंय,' त्या म्हणाल्या. मग दर आठवड्याला विचारायच्या. काय म्हणतेय तुझी बुंदी? वाढली का? किती रस निघाला? मी सांगायचे. मशीनवर शुद्ध करायचं चाललंय काकू, वेळ लागतो. त्या म्हणायच्या, 'लागू दे.'

आणि मग गणपती आले.

आमचं मंडळ एका शाळेचा हॉल भाड्याने घेतं. बास्केटबॉलच्या बास्केटखाली मखर. इंडियाहून सगळे परतलेले, नवीन साड्या, नवीन नथी. मला सांगितलं होतं की मुलांना सायन्सबद्दल चार शब्द सांग. मी पोचले तर स्टेजवर शाल, नारळ, बुके. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी माईक घेतला आणि म्हणाल्या, 'कॅन्सरवर औषध शोधणारी आपल्या शुगर लँडची कन्या!' हॉल दणाणला. शाल अंगावर पडली, ऑगस्टात, टेक्ससमध्ये.

मी माईक हातात घेतला आणि स्पष्ट बोलले. देवाशपथ स्पष्ट बोलले. 'मंडळी, मला अजून काहीही सापडलेलं नाही. बशीतल्या पेशी मेल्या, एवढंच झालंय. बशीत तर त्या ब्लीचनेही मरतात.' लोक हसले. मी म्हटलं, 'खरंच सांगते, हे औषध नाही.' लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, 'मी या सत्काराच्या लायक नाही.' टाळ्या वाढल्या. सूत्रसंचालनवाल्या बाई गहिवरून म्हणाल्या, 'बघा! किती हा विनय!' खाली उतरले तर एक काका पाठ थोपटत म्हणाले, 'यू आर टू मॉडेस्ट, बेटा.'

मला रडू येईल की हसू, कळेना. आपण मराठी माणसं! पंचपक्वान्नं वाढून 'कसलं काय, साधंच केलंय' म्हणायचं, आणि पाहुण्याने 'छे छे, अप्रतिम' म्हणायचं, ही आपली रीत. मुलगा बोर्डात आला तरी 'बरे पडले मार्क' म्हणणार. नाही म्हणणाऱ्याला नाही म्हणायचंच नसतं, हे आपल्याला पाळण्यात शिकवलेलं. मग मी कितीही जीव तोडून नाही म्हटलं तरी ते नाही ऐकणार कोण? अमेरिकन लोकांसमोर तेच बोलले असते तर त्यांनी मान हलवून शाल परत घेतली असती. पहिल्या रांगेत शैलाकाकू बसल्या होत्या. डोक्याला रेशमी स्कार्फ, नाकात नथ, मनगटावर सुयांचे निळे डाग. काका फोन उंच धरून शूटिंग करत होते. काकू टाळ्या वाजवत होत्या, हळूहळू, कारण बोटांना मुंग्या. शेवटपर्यंत वाजवत होत्या.

सप्टेंबरात रिझल्ट आला. रसायन पुरेसं शुद्ध झालं होतं, मशीनने त्याचं वजन आणि बांधणी सांगितली, आणि कॉम्प्युटरने त्याचं नाव सांगितलं. आमच्या धंद्यात यापेक्षा वाईट बातमी नाही. नवीन रसायनाला नाव नसतं. नाव आहे याचा अर्थ कोणालातरी ते कधीच सापडलंय. होतंच तसं. जुनं, ओळखीचं, हृदयाला घातक म्हणून केव्हाच टाकून दिलेलं. असं सारखं होतं. माझ्याबरोबर काम करणारी मुलगी 'ओह वेल' म्हणाली आणि जेवायला गेली. मी बशी बंद करून फ्रीजमध्ये ठेवली. मला हरल्याचं दुःख नव्हतं झालं, त्याची सवय आहे. मला ती शाल आठवली. घरी कपाटात, नारळाचा वास लागलेली. ती वापरता येईना, कोणाला देता येईना, टाकता तर मुळीच येईना.

काकांना मी त्यांच्या गराजमध्ये गाठलं. ते कप्पीला तेल देत होते. सांगितलं. काकांनी फडक्याला हात पुसले, प्रत्येक बोट वेगळं.

'ड्राय होल,' ते म्हणाले. 'आमच्या तेलाच्या धंद्यात असंच म्हणतात. सगळी चिन्हं असतात, आपण खोल जातो, आणि खाली काही नसतं. मी किती पाहिलेत.' मग म्हणाले, 'शैलाला मी सांगतो. तू नको. तुझ्या तोंडून ऐकायला तिला जड जाईल, आणि तुलाही.'

मी 'बरं' म्हटलं. गाडीत बसले तेव्हा मला किती हलकं वाटलं होतं, ते आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

त्यानंतर मी घाबरत घाबरत काकूंकडे गेले. त्यांनी बुंदीचा विषय काढला नाही. पुढच्या वेळीही नाही. त्या बोलायच्या त्या रियाच्या अभ्यासाबद्दल, मोरांब्याच्या पाकाबद्दल, समोरच्या गोऱ्या बाईच्या नव्या कुत्र्याबद्दल. माझा हात हातात घेऊन बसायच्या. 'किती वाळलीस गं. झोपतेस की नाही?' मला वाटायचं, बघा, काय मोठ्या मनाची बाई आहे. सगळं कळलंय आणि एका शब्दाने विचारत नाही, उलट मलाच जपते. त्या घरातून निघताना मी दर वेळी थोडी सुटल्यासारखी निघायचे. काकूंनी मला माफ केलंय, असं मी धरून चालले. ऑक्टोबर, नोव्हेंबर. त्या दिवसेंदिवस लहान होत गेल्या. नखं काळी पडली. तोंड इतकं सोललं की पाण्याचा घोटही चमच्याने. मला कळायचं नाही की डॉक्टर अजून केमो का देताहेत. विचारायची हिंमत नव्हती. डिसेंबरात त्या गेल्या.

प्रार्थनेच्या दिवशी काकांनी मला सगळ्यांसमोर जवळ घेतलं आणि म्हणाले, 'हिने फार केलं आमच्यासाठी.' लोकांनी माझ्याकडे आदराने पाहिलं. कोणी बोल लावला असता तर मी भांडले असते, माझी बाजू मांडली असती. बाजू मांडायला मी पटाईत आहे. पण आदरापुढे काय मांडायचं? मी मान खाली घालून चपलांकडे बघत राहिले. तेव्हापासून मी काकांचे फोन चुकवत होते. मंडळात जात नव्हते. किराणा दुकानात ओळखीचं कोणी दिसलं की मसाल्यांच्या रांगेत वळत होते.

तर यंदाचा मेसेज. शेवटी 'येते' लिहिलं, कारण नितीन पाठीशी उभा राहून बघत होता.

शनिवारी मरीनात काका दिसले. हॅट तीच, शर्ट अंगावर लोंबणारा. नाकावर सनस्क्रीन नीट पसरलेलं नव्हतं. डबा नव्हता, सँडविच आणलं होतं, पेट्रोल पंपावरचं. आम्ही निघालो. यंदा समुद्रशेवाळ फार, तपकिरी गोधड्यांसारखं पाण्यावर पसरलेलं, पंख्यात अडकायचं. काका बडबड करत नव्हते. जबडा खाली गेला, वर आला, मी चिखल नळ्यांत भरला. त्यांनी काही विचारलं नाही.

मग त्यांनी इंजिन बंद केलं.

'अनू, एक सांगायचंय. तू चिडशील.'

'मी कशाला चिडेन काका?'

'मी शैलाला सांगितलंच नव्हतं.'

मला आधी कळलं नाही. 'काय?'

'तुझं ते... नाव निघालं ते. ड्राय होल. नाही सांगितलं. संध्याकाळी तिच्यासमोर बसलो आणि नाही जमलं गं. उलट तिला म्हटलं, अनूला विचारत बसू नकोस, तिला टेन्शन येतं, तिला काम करू दे. तिने लगेच ऐकलं. तुझ्यासमोर कधी विषय काढला नाही बिचारीने.'

माझ्या हातात नळी होती. तिचं झाकण लावायला मला सुचेना.

काका पाण्याकडे बघून बोलत होते. 'ऑक्टोबरात डॉक्टर म्हणाले, आता थांबूया. घरी आराम करू दे, वेदना होणार नाहीत एवढं बघू. चांगला माणूस होता, नीट समजावलं. शैला म्हणाली, नाही. अजून घेते. मला थोडे महिने काढायचेत, आमच्या अनूचं होत आलंय. डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी गप्प बसलो. एका वाक्याचं काम होतं. तेव्हा बोललो असतो तर ती त्या दोन महिन्यांत घरी, तिच्या खिडकीपाशी, चवीने चहा प्याली असती. ते तोंड सोलणं, ती नखं... ती सगळं तुझ्या औषधासाठी सोसत होती. आणि मी तिला पाणी पाजत होतो चमच्याने.'

म्हणजे मी तिथे बसून पाकाच्या गप्पा मारत होते, माफी मिळाल्याच्या आनंदात आमटी ओरपत होते, तेव्हा ती बाई माफ-बिफ काही करत नव्हती. ती वाट बघत होती. माझ्या चेहऱ्यावरचा थकवा बघून तिला वाटत असणार, मुलगी रात्रंदिवस राबतेय माझ्यासाठी. माझा हात तिच्या हातात होता. मी एकदा, फक्त एकदा, तोंड उघडून म्हटलं असतं की काकू, ते फसलं ना, तर तिने विचारलं असतं, 'काय फसलं?' पण मला तर विषय निघत नाही याचंच सुख होतं.

उन्हाने डोळ्यांपुढे पांढरं दिसायला लागलं. शेवाळ बोटीला घासत होतं. काकांनी हॅट काढली. डोकं घामाने चिकटलेलं, म्हातारं, उघडं. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. त्यांच्याकडे बघायचीच मला चोरी झाली होती, आणि त्यांना माझ्याकडे.

'मी चुकलो का गं?' त्यांनी विचारलं. 'खरं सांग. तू खरं बोलतेस म्हणून तुला विचारतोय. दुसऱ्या कोणाला नाही विचारलं.'

'नाही काका,' मी म्हटलं. 'बरोबर केलंत तुम्ही. आशेवर होत्या म्हणून तर तेवढे दिवस निघाले.'

काकांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांनी लगेच विश्वास ठेवला. खांदे खाली आले, श्वास सुटला, सगळं तोंड सैल झालं. त्यांनी हॅट घातली आणि इंजिन सुरू केलं. मी चिखलाने भरलेल्या हातांनी बसून राहिले, आणि मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती.